गाव विसरेल का?

मे महिन्यातल्या एका दुपारी, वर्गातले सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरत असताना आणि तरीही कोणाच्याच अंगापर्यंत वारा पोहोचत नसताना, एका मुलीने एक वाक्य उच्चारले आणि ते पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणाऱ्या एका निवासी अभ्यासवर्गात मी कायदा शिकवते. तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा हे चार विषय तिथे एकत्र शिकवले जातात. निदान एकत्र शिकवण्याचा आमचा इरादा असतो. त्या दुपारचा तास माझा नव्हता. तत्त्वज्ञान शिकवणारे आमचे सहकारी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सच्या न्यायविचारापर्यंत आले होते आणि मी शेवटच्या बाकावर, खिडकीतून येणारी झळ चुकवत ऐकत बसले होते. त्यांनी मुलांना डोळे मिटायला सांगितले. आपण श्रीमंत आहोत की गरीब, बाई आहोत की पुरुष, कोणत्या जातीत आणि कोणत्या धर्मात जन्मलो, अंगी कोणते गुण घेऊन आलो, यांतले काहीच आपल्याला ठाऊक नाही अशी कल्पना करा आणि मग ज्या समाजात आयुष्य काढायचे आहे त्याचे नियम ठरवा, असे ते म्हणाले. मुलांनी डोळे मिटले. उकाड्याने आणि नुकत्याच झालेल्या जेवणाने काहींचे ते आधीच मिटत आले होते. मग माण तालुक्यातून आलेल्या एका मुलीने डोळे उघडले आणि हात वर केला. “सर, मी कोण आहे हे मी विसरू शकते,” ती म्हणाली, “पण गाव विसरेल का?”

सरांनी दिलेले उत्तर योग्यच होते. स्वतःविषयी काहीच ठाऊक नसण्याचा हा पडदा, रॉल्सच्या भाषेत ‘अज्ञानाचा पडदा’, म्हणजे जगाचे वर्णन नाही, ती नियम निवडण्याची एक युक्ती आहे. माणसे एकमेकांना प्रत्यक्षात विसरतात असा रॉल्सचा दावाच नाही, उलट ती विसरत नाहीत म्हणून तर नियम ठरवताना तरी विसरण्याचा हा खटाटोप करायचा. मुलीने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतले. तिचे समाधान झाले की तिने फक्त आदर राखला, हे मला शेवटच्या बाकावरून कळले नाही. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले होते. तिचे वाक्य संपल्यावर पुढच्या रांगेतल्या दोनतीन मुलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात कुतूहलाबरोबर एक हिशेबही होता.

हिचे आडनाव काय, हा प्रश्न त्या वेळी वर्गभर फिरून गेला.

कोणी तो विचारला नाही. विचारण्याची गरजच नव्हती, कारण हजेरी दररोज पूर्ण नावाने घेतली जात होती आणि थोडे आठवले की काम होत होते. पण डोळे मिटून जात विसरण्याचा प्रयोग चालू असलेल्या त्याच खोलीत, प्रयोग पुरता संपण्याआधीच, प्रत्येकाच्या डोक्यात हजेरीपटाचे पान उघडले गेले होते, माझ्याही. तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या वळलेल्या मानांनी देऊन टाकले होते, आणि ते देण्यासाठी माणच्या गावापर्यंत जावेही लागले नव्हते.

या वर्गाला येणारी मुले कशी असतात हे थोडे सांगायला हवे. मुंबईची काही असतात, ज्यांनी अकरावीतच वादविवादाच्या स्पर्धा गाजवलेल्या असतात आणि ज्यांच्या तोंडी ‘प्रोत्साहने’ आणि ‘बाह्य परिणाम’ हे शब्द इंग्रजीतून इतके सहज येतात की ऐकणाऱ्याला आपण मागे पडलो असे वाटावे. नागपूर, जालना, सातारा, लातूर इथल्या महाविद्यालयांतून आलेली काही असतात. त्यांतली बरीचशी पहिला आठवडा गप्प राहतात आणि खाणावळीत बोलतात. कोणत्याही भाषेत बोला असे आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, परंतु वर्गाची भाषा कोणती हे आमच्या सांगण्यावर ठरत नाही. ते पहिल्या हशावर ठरते. एखाद्या मराठी वाक्यावर कोणी हसले की पुढचे चार दिवस मराठी वाक्य ऐकू येत नाही. त्यामुळे त्या मुलीने ते वाक्य मराठीत, आणि तेही न अडखळता उच्चारले याचेच मला आधी बरे वाटले होते. वाक्याचा अर्थ हळूहळू उतरत गेला, टेकडीवर फिरायला गेले असताना, बहाव्याखाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्या तुडवत परत येताना, रात्री वळवाच्या पहिल्या सरीबरोबर वीज गेल्यावर.

आमच्या वेळापत्रकात सकाळी तत्त्वज्ञान असते, कारण तेव्हा डोकी ताजी असतात. मग राज्यशास्त्र, दुपारी अर्थशास्त्र आणि उन्हे कलल्यावर कायदा, आणि कोणाला अडचण आली की हा क्रम वाटेल तसा बदलतो. चार विषय एकत्र आणण्याची ही कल्पना ऑक्सफर्डने १९२० च्या सुमारास रुजवली. तिथे पहिले तीनच होते, कायदा पुढे काही विद्यापीठांनी जोडला. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन न शिकताही राज्यकारभाराला लागणारी बुद्धी घडवता यावी, असा त्या अभ्यासक्रमामागचा हेतू होता, आणि पुढे त्यातून ब्रिटनचे कितीतरी पंतप्रधान आणि मंत्री बाहेर पडले. त्याच कारणाने त्यावर टीकाही झाली: प्रत्येक विषयातले थोडेथोडे जाणणारी आणि कशालाही उत्तर देऊ शकणारी माणसे त्यातून घडतात, असे टीकाकार म्हणतात. मला ही टीका निम्मी पटते. आमच्याही वर्गात चौथ्या दिवसापासून काही मुलांच्या बोलण्याला अशी एक गुळगुळीत सफाई येऊ लागते की ती ऐकताना मला भीती वाटते. पाण्यावर बोला म्हटले की ती पाण्याची किंमत, पाण्याचा हक्क, पाण्याचे राजकारण आणि पाण्याचा कायदा अशा चार फोडी करून समोर ठेवतात, आणि मूळ तहान कोणाची होती हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही.

तरीही ही चौकट परकी आहे, असे मी म्हणणार नाही. याच शहरात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ऐन उन्हाळ्यात, संध्याकाळी, नोकरीधंदा आटोपून आलेली माणसे राज्यव्यवहारावर आणि समाजसुधारणेवर व्याख्याने ऐकू लागली. रानडे स्वतः न्यायाधीश होते. हिंदुस्थानच्या परिस्थितीला इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे त्यांनी १८९२ साली डेक्कन महाविद्यालयातल्या व्याख्यानात मांडले. प्रार्थना समाजात ते ईश्वराविषयी बोलत आणि सार्वजनिक सभेत शेतसाऱ्याविषयी. हे चार वेगवेगळे विषय आहेत असे त्यांना बहुधा कधी जाणवलेही नसावे. त्यांच्याच एकशे एकाव्या जयंतीला, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले सभागृहात डॉ. आंबेडकरांनी त्यांच्यावर भाषण केले. कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर जॉन ड्यूईचे तत्त्वज्ञान ऐकलेला, लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून त्याच सुमारास बॅरिस्टर झालेला हा माणूस त्या भाषणात सांगत होता की, ज्या हक्कांना समाजाच्या नीतीचा पाठिंबा नसतो ते हक्क कायद्याच्या पुस्तकात असूनही निरुपयोगी ठरतात. माणच्या मुलीचे वाक्य आणि हे म्हणणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. फरक इतकाच की तिने ते प्रश्नाच्या रूपात मांडले होते.

दुसऱ्या आठवड्यात अर्थशास्त्राच्या तासाला पाणी पंचायतीचा विषय निघाला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी जे प्रयोग केले, त्यांत पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचे, असा नियम होता: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा मिळे. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नसे. उसाला पाणी नाही. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे, आणि योजनेच्या खर्चातला काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. हे ऐकल्यावर मुंबईच्या एका हुशार मुलाने लगेच अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसचा १९६० सालचा निबंध पुढे केला. शेजाऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुरांचे उदाहरण देऊन कोसने दाखवले होते की हक्क स्पष्ट असतील आणि सौदा करायला काही खर्च येत नसेल, तर सुरुवातीला हक्क कोणाकडे होता याने अंतिम वापरात फरक पडत नाही. जो त्या गोष्टीतून जास्त काढू शकतो त्याच्याकडे ती सौद्याने जाते. मग भूमिहीनाला त्याचे पाणी ऊसवाल्याला विकू का देऊ नये, असे त्याने विचारले. पैसे तर भूमिहीनालाच मिळतील. बंदी घालून तुम्ही त्याचेच नुकसान करता.

प्रश्न चांगला होता, आणि तो दुष्टपणाने विचारलेला नव्हता. मुलगा थोडा पुढे झुकून, खरोखर उत्तर हवे असल्यासारखा बसला होता. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी त्याला कोसच्याच दुसऱ्या निम्म्या भागाकडे वळवले: सौद्याला खर्च येतोच, आणि तो कोणाला किती येतो यावर सगळे अवलंबून असते. पण माणच्या मुलीने जे उत्तर दिले ते मला अधिक नेमके वाटले. ती म्हणाली की ज्याच्या शेतावर आपण मजुरीला जातो, त्याच्याशी भाव कसा करायचा? तो म्हणेल तो भाव, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नको. आणि मग, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती असे, तिने रॉल्सचा पडदा स्वतःहून उचलून आणला. आपण जमीनवाले निघू की भूमिहीन हे ठाऊक नसेल, तर आपण माणशी पाणी हाच नियम निवडू, असे ती म्हणाली. आणि विकायची बंदीही निवडू, कारण भूमिहीन निघालो तर ते पाणी विकायला आपल्याला कोण भाग पाडेल हे आपल्याला आधीच माहीत आहे. ज्या युक्तीवर तिने शंका घेतली होती, ती तिने इतक्या सफाईने वापरली की तत्त्वज्ञानाच्या सरांनी दाराशी उभे राहूनच मान डोलावली. मला मात्र दोन गोष्टी एकदम जाणवल्या. तिची शंका फिटली नव्हती आणि तरी हत्यार तिच्या उपयोगी पडले होते. शिकवणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवे असते, असे म्हणता येईल. पण हे हत्यार वर्गाच्या बाहेर कोणासमोर चालवायचे, हा तिचा मूळ प्रश्न तसाच शिल्लक राहत होता.

म्हणून माझ्या वाट्याचे शेवटचे तास मी ठरवले होते ते बाजूला ठेवून महाडच्या खटल्याला दिले. महाड सगळ्यांना माहीत असते, २० मार्च १९२७ माहीत असतो, चवदार तळ्याचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. खटला फारसा कोणाला माहीत नसतो. १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला, आणि तरी तीन वर्षे कोणीही त्या तळ्याला हात लावू शकले नाही. ठराव होता, तळे होते, तहान होती. राज्यशास्त्राच्या तासाला आपण ज्याला धोरण म्हणतो ते पूर्ण झाले होते. मग ते पाणी प्यायले गेले, मग मारहाण झाली, मग तळे शेण, गोमूत्र, दही-दूध ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये स्पृश्य वादींनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दाव्याची भाषा द्वेषाची नव्हती. ती मालमत्तेची आणि वहिवाटीची भाषा होती: तळ्यावर आमचा हक्क आहे, आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट पुरातन आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, त्यामुळे डिसेंबरमधला सत्याग्रह तळ्यापर्यंत गेला नाही. अंतिम निकाल उच्च न्यायालयातून १९३७ च्या मार्चमध्ये लागला, म्हणजे पहिल्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी.

मुलांनी निकाल वाचला तेव्हा वर्गात आधी आनंद होता, कारण वादी हरले होते. मग कोणीतरी कारण पुन्हा वाचले. मनाई चुकीची आहे म्हणून ते हरलेले नव्हते. मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे त्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले होते. म्हणजे ती सिद्ध झाली असती तर? मुंबईचाच तो कोसवाला मुलगा हे विचारत होता, आणि या वेळी तो पुढे झुकलेला नव्हता, खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहत होता. वहिवाट जितकी जुनी तितकी ती बलवान, असा कायद्याचा हिशेब असेल, तर सर्वांत जुना अन्याय सर्वांत भक्कम ठरतो, असे तो स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला. गावाने विसरण्याला नकार देणे म्हणजे काय, याची कायद्यातली व्याख्या त्याला अनायासे सापडली होती. गाव जे विसरत नाही त्याला दिवाणी कायदा एके काळी पुरावा म्हणत होता.

मग आम्ही संविधान उघडले. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही येतात असे म्हटले आहे, म्हणजे मूलभूत हक्कांना छेद देणारी वहिवाट कितीही जुनी असली तरी ती टिकत नाही. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात तर विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावेच घेतली आहेत. जगातल्या एखाद्या देशाच्या सर्वोच्च कायद्यात तलावाचे नाव का यावे, हे महाडचा दावा वाचल्याशिवाय नीट कळत नाही. आणि ज्याच्यावर तो दावा लावला गेला तोच प्रतिवादी पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हेही त्या ओळीजवळ थांबून लक्षात घ्यावे असे आहे. वर्गातल्या काही मुलांनी तो अनुच्छेद स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलेला होता. तो तोंडपाठ म्हणत असताना त्यांचा आवाज ‘तलाव’ या शब्दाशी किंचित अडखळलेला मी ऐकला. हाच आवाज ऐकण्यासाठी मी हा सगळा उन्हाळा इथे घालवते, असे मला कधीकधी वाटते. इतर वेळी वाटते की तो ऐकू येण्याआधी दोन आठवडे सफाईदार बोलणे ऐकून घ्यावे लागते, आणि काही मुलांच्या बाबतीत तो शेवटपर्यंत ऐकूच येत नाही.

माणच्या मुलीच्या लेखी कामाचा विषय मी तपासत होते तेव्हा मला वाटले होते की तिने महाड घेतला असेल. तिने बोअरवेल घेतली होती. अनुच्छेद १५ मधला तलाव हा राज्याच्या पैशाने राखलेला किंवा सर्वसामान्य जनतेसाठी वाहिलेला असावा लागतो, असे तिने पहिल्याच परिच्छेदात नोंदवले होते, आणि पुढे लिहिले होते की तिच्या गावातला आड कोरडा पडला आहे, तलावात फेब्रुवारीनंतर चिखलही राहत नाही, आणि उन्हाळ्यात गावाचे खरे पाणी आता ज्यांच्याकडे खोल बोअर घ्यायला पैसे आहेत त्यांच्या शेतात, जमिनीच्या पोटात असते. त्या पाण्यावर जमीनमालकाची सत्ता आपल्या जुन्या कायद्याने मानलेली आहे. भूजलावर नियंत्रणाचा राज्याचा २००९ चा अधिनियम आहे, पण तिच्या वस्तीवर बोअरच्या नळीशी हंडा लावायचा असेल तेव्हा तो अधिनियम कोणी उघडत नाही. अस्पृश्यता पाळणे अनुच्छेद १७ ने सगळीकडे, खासगी जागेतही, गुन्हा केले आहे. पण आता कोणी विटाळाचे नाव काढत नाही, असे तिने लिहिले होते. मोटार जळेल, वीज नाही, आमच्याच पिकाला पुरत नाही, असे सांगितले जाते, आणि ती कारणे कित्येकदा खरीही असतात. खऱ्या कारणाच्या आड कोणते कारण आहे हे न्यायालयात कसे दाखवायचे, असा तिचा शेवटचा प्रश्न होता. त्याखाली तिने उत्तरासाठी जागा सोडली नव्हती. शब्दमर्यादा तिथे संपत होती.

मी तो निबंध अर्थशास्त्राच्या बाईंना दिला, त्यांनी तत्त्वज्ञानाच्या सरांना, आणि वर्ग संपल्याच्या संध्याकाळी, मुले रेल्वे आणि एसटी पकडायला निघून गेल्यावर, आम्ही चौघे शिक्षक रिकाम्या खाणावळीत बसून त्यावर वाद घालत राहिलो. राज्यशास्त्रवाले म्हणाले की हा प्रश्न ग्रामसभेचा आहे आणि तिथेच सुटेल. बाई म्हणाल्या की भूजल मोजल्याशिवाय आणि त्याचे वाटे ठरवल्याशिवाय ग्रामसभा काय वाटणार. सरांचे म्हणणे होते की मालकी या कल्पनेपासूनच सुरुवात करावी लागेल. मला पुरावा कोणी आणि कसा द्यायचा याचीच चिंता होती, आणि पुराव्याचे ओझे नाकारणाऱ्यावर टाकता येईल का, हे मी तेव्हापासून शोधते आहे. पुढच्या मे महिन्यासाठी आम्ही एवढे ठरवले आहे की पहिल्या दिवशी रॉल्स नसेल. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात महाडचा निकाल आणि एका बोअरवेलचे वीजबिल दिले जाईल, आणि चारही शिक्षक वर्गात एकाच वेळी बसतील. हजेरी फक्त पहिल्या नावाने घ्यावी का, यावर मात्र आमचे एकमत झालेले नाही. आडनाव झाकले म्हणजे प्रश्नही झाकला जाईल, असे माझे म्हणणे आहे. सरांना ते अजिबात मान्य नाही.